औषधाला बंदी, अफूला परवाना

जुलै १९३७ मध्ये जपानी सैन्याने उत्तर चीनवर चढाई केली आणि वर्षभरात पेइपिंग (आजचे बीजिंग), त्येनत्सिन, पाओतिंग ही शहरे, त्यांना जोडणारे लोहमार्ग आणि त्या लोहमार्गांलगतची सपाटी ताब्यात घेतली. डोंगर मात्र हाती लागले नाहीत. शान्शी आणि होपेई प्रांतांच्या सीमेवरचा वूताइ व ताइहांग पर्वतांचा टापू कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेकडे राहिला. जानेवारी १९३८ मध्ये फूपिंग गावी तेथे ‘शान्शी-चाहार-होपेई सीमाप्रदेश’ या नावाने स्वतंत्र कारभार सुरू झाला. सेनापती होते न्ये रोंगचेन. या प्रदेशाच्या चारी बाजूंना जपानी ठाणी होती, आणि मधली शेकडो गावे दिवसा जपान्यांच्या व रात्री गनिमांच्या अशा दुहेरी अमलाखाली होती. या गावांतील रयतेला औषध मिळू नये, अशी व्यवस्था जपानी लष्कराने पुढच्या पाच वर्षांत पद्धतशीर उभी केली. तिचा मराठी वाचकाशी थेट संबंध येतो तो सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्यामुळे. कोटणिसांची कहाणी महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ज्या टंचाईत ते राबले, ती टंचाई कशी घडवली गेली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

औषधबंदीमागचे लष्करी गणित सोपे होते. गनिमाला धान्य, कापड, मीठ आणि औषध गावातूनच मिळते; म्हणून गावाकडे जाणारा माल अडवला की गनीम आपोआप दुबळा होईल. धान्य गावातच पिकते, त्यामुळे ते पूर्ण अडवता येत नाही. औषध मात्र शहरातूनच यावे लागते. कुनैन, क्लोरोफॉर्म, आयोडीन, सल्फा गोळ्या यांपैकी काहीही डोंगरात तयार होत नव्हते. म्हणून व्याप्त शहरांतून बाहेर जाणाऱ्या ज्या मालावर लष्करी परवाना लागू झाला, त्यात औषधे होती. पेठेतल्या दुकानातून घरच्या वापरापुरते औषध घेता येई. गाठोडे बांधून वेशीबाहेर निघालेला माणूस मात्र संशयित ठरे. व्याप्त प्रदेशातील माणसाजवळ ‘सज्जन नागरिक’ असल्याचा दाखला असावा लागे आणि वेशीवर त्याची झडती होई. कुनैनची पुडी हिवतापाने फणफणलेल्या पोरासाठी आहे की डोंगरातल्या शिपायासाठी, हे पुडीवर लिहिलेले नसते. झडती घेणारा शिपाई ती दुसऱ्यासाठीच आहे असे धरून चाले. या एका गृहीतकावर सगळी बंदी उभी होती.

त्याच काळात त्याच प्रदेशात दुसरा एक माल मात्र बिनदिक्कत विकला जात होता. जपानच्या आश्रयाने चाललेल्या मेंगज्यांग राजवटीत अफूची लागवड वाढवण्यात आली आणि व्याप्त शहरांतून परवानाधारक अड्ड्यांवर ती विकली गेली. त्या विक्रीतून व्याप्त भागांतील कारभाराला उत्पन्न मिळत असे. युद्धानंतर तोक्योच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने १९४८ च्या निकालपत्रात या व्यापाराची स्वतंत्र दखल घेतली.

औषधबंदी कागदावर राहू नये म्हणून जमिनीवर जे काम झाले, त्याला तोड नाही. लोहमार्ग हे खांब, मोटाररस्ते या साखळ्या आणि बुरूजवजा ठाणी ही कुलुपे, असा हा ‘पिंजरा’ असल्याचे चिनी गनीम म्हणत. लोहमार्गांच्या दोन्ही अंगांना खोल चर खणले गेले. चर खणायला माणसे त्याच गावांतून वेठीला धरली जात, म्हणजे स्वतःच्या घराची वाट तोडण्याचे काम गावकऱ्यांनाच करावे लागे. १९४२ च्या अखेरीस उत्तर चीनमध्ये अशा चर-तटबंदीची लांबी सुमारे ११,८०० किलोमीटर आणि ठाण्यांची संख्या सुमारे ७,७०० झाली होती. मुंबई ते दिल्ली हे अंतर आठ वेळा मोजले तरी ही लांबी पुरी व्हायची नाही.

आणि ही अर्धीच नाकेबंदी. पश्चिमेकडून, म्हणजे कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे असलेल्या येनानच्या बाजूने, चीनच्याच राष्ट्रीय सरकारने दुसरा वेढा घातला होता. कम्युनिस्ट आणि राष्ट्रीय सरकारचे प्रमुख च्यांग काइ-शेक यांच्यात जपानविरुद्ध युती झाली होती खरी, पण १९३९ पासून च्यांगचे सैन्य येनान प्रदेशाभोवती पहारे बसवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेवर त्याच सैन्याने हल्ला केल्यानंतर वेढा इतका घट्ट झाला की, परदेशांतून दान म्हणून आलेल्या औषधांच्या पेट्याही वाटेतल्या नाक्यांवर अडकू लागल्या. शत्रू औषध अडवतो यात नवल नाही. मित्रानेही तेच केले, आणि त्याचा युक्तिवादही तोच होता: हे औषध उद्या आपल्यावर उलटेल.

या दुहेरी फासातून पहिली वाट काढली ती धर्मोपदेशकांनी आणि परदेशी डॉक्टरांनी. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून जून १९३८ मध्ये वूताइ भागात पोहोचले. सप्टेंबरात सोंगयानकोऊ गावी त्यांनी एक नमुनेदार रुग्णालय उभे केले. काही आठवड्यांतच जपानी फौजेने ते जाळून टाकले. एका जागी असलेले रुग्णालय टिकत नाही हे ओळखून बेथ्यून यांनी खेचराच्या पाठीवर बसेल असा लाकडी सांगाडा तयार करवून घेतला आणि शस्त्रक्रियेचे सगळे सामान त्यात भरून ते गावोगाव फिरू लागले. एप्रिल १९३९ मध्ये छीहुइच्या लढाईत त्यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या.

सांगाड्यात भरायला औषध कोठून येत होते? त्याचे एक उत्तर कॅथलीन हॉल. न्यूझीलंडच्या या अँग्लिकन मिशनरी परिचारिका छ्यूयांग जिल्ह्यातील सोंगज्याझ्वांग गावी दवाखाना चालवत. जपान आणि ब्रिटन यांच्यात अजून युद्ध नव्हते, त्यामुळे ब्रिटिश पारपत्रावर त्यांना पेइपिंगला जाता येई. मिशनच्या दवाखान्यासाठी म्हणून त्या तेथे औषधे खरेदी करत, खेचरांवर लादून आणत आणि त्यांतला मोठा वाटा बेथ्यूनकडे पोहोचवत. ही वाट फार दिवस चालली नाही. १९३९ मध्ये जपानी सैन्याने हॉल यांचे मिशन जाळले आणि त्यांना तो प्रदेश सोडावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांच्या बोटाला जखम झाली. हातात रबरी मोजे नव्हते. जखमेतून विष चढले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तांग जिल्ह्यातील ह्वांगशीकोऊ या खेड्यात त्यांचा मृत्यू झाला. डॉक्टरच्या हातातला मोजा आणि जंतुदोषावरची गोळी या दोन साध्या वस्तू त्या डोंगरात पोहोचत नव्हत्या. तेथे हजारो शेतकऱ्यांचे हाल काय असतील, याचे मोजमाप करायला आणखी आकडा लागत नाही.

भारतातून निघालेल्या वैद्यकीय पथकाची हकीकत याच काळातली. चिनी सेनापती चू तेह यांनी १९३७ मध्ये जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या उन्हाळ्यात देशाला आवाहन केले, जुलैमध्ये ‘चीन दिन’ पाळून निधी गोळा झाला; सुमारे २२ हजार रुपये जमले. पारतंत्र्यातला देश दुसऱ्या आक्रांत देशाला औषध पाठवत होता. पथकात पाच डॉक्टर होते: प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, जे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते; उपप्रमुख नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजॉय बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सर्वांत तरुणांपैकी एक, २७ वर्षांचे डॉ. कोटणीस.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात, म्हणजे परळच्या के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेल्या महाविद्यालयात झाले. लष्करी अंमल म्हणजे काय याचा नमुना त्यांच्या गावाने आधीच पाहिला होता. मे १९३० मध्ये सोलापुरात ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला, तो जून संपेपर्यंत चालला. त्याच प्रकरणातून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. कोटणीस तेव्हा वीस वर्षांचे होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले. बरोबर औषधांच्या व शल्यसाहित्याच्या पेट्या आणि एक रुग्णवाहिका होती. पथकाचा पुढचा प्रवास पाहिला तर तो जणू मागून बंद होत जाणाऱ्या दारांचा नकाशा वाटतो. सप्टेंबरच्या मध्यावर ते कँटनला उतरले. तेथे सन यत-सेन यांच्या पत्नी सोंग छिंगलिंग यांनी स्वागत केले. याच बाईंनी जूनमध्ये हाँगकाँगमध्ये ‘चीन संरक्षण संघ’ स्थापला होता आणि परदेशी औषधे गनिमी प्रदेशांत पोहोचवण्याचे काम मुख्यतः हाच संघ करत होता. महिन्याभरात, २१ ऑक्टोबर रोजी, कँटन पडले आणि समुद्रमार्गे आलेला माल आत नेणारी सर्वांत मोठी वाट बंद झाली. पथक सप्टेंबरअखेर हांकोऊला पोहोचले. २५ ऑक्टोबरला हांकोऊही पडले. मग यीचांग, मग चुंगकिंग. चुंगकिंगच्या मुक्कामात प्रत्येकाच्या नावाला चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. कोटणीस ‘के तिहुआ’ झाले. तेथेच त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. परतीची मुभा होती. ते परतले नाहीत. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. अटल, बसू आणि कोटणीस त्या वर्षअखेर जपानी ठाण्यांच्या रांगा रात्री ओलांडत आघाडीच्या प्रदेशात शिरले. आजारपणामुळे अटल १९४० च्या सुरुवातीला माघारी फिरले. उरलेले दोघे त्या वर्षी जूनमध्ये शान्शी-चाहार-होपेई भागात आले आणि तांग जिल्ह्यात बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमाला हजर राहिले. पुढे बसूही येनानला गेले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद कोटणिसांकडे आले. मुक्काम तांग जिल्ह्यातील गेगोंग हे खेडे.

‘रुग्णालय’ हा शब्द ऐकून जे चित्र डोळ्यांसमोर येते, तसे तेथे काहीच नव्हते. शेतकऱ्यांच्या घरांतल्या मातीच्या कट्ट्यांवर रोगी पडलेले असत. जपानी तुकडी येत असल्याची वर्दी आली की गावकरी स्ट्रेचर उचलून डोंगरातल्या गुहांकडे निघत. घरातल्या माणसांना जखमीचे नाते पाठ करून ठेवावे लागे; हा आमचा भाचा, हा जावई. सापडला तर घरासकट शिक्षा. जखमी शिपाई आणि गावातला रोगी यांची खोली एक, डॉक्टर एक आणि औषधाची बाटलीही एकच होती. म्हणूनच औषध अडवणाऱ्याला ‘आम्ही फक्त सैन्याचे औषध अडवतो’ असे प्रामाणिकपणे म्हणता येणे शक्य नव्हते.

औषधाविना चालवण्याची एक सबंध विद्या या डोंगरांत तयार झाली. जखमा मिठाच्या पाण्याने धुतल्या जात. गावठी दारू पुन्हा गाळून जंतुनाशक करत. पट्ट्या धुऊन, उकळून, पुन्हा वापरत. जाड गावठी कापडाच्या पट्ट्या हाताने विणून घेत. हिवतापावर छांगशान नावाच्या झुडपाच्या मुळ्यांचा काढा दिला जाई. तापावर चिनी वैद्यकात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या छायहू वनस्पतीचा अर्क काढून ताइहांगमधल्या लष्करी औषधशाळेने १९४० च्या सुमारास त्याचे इंजेक्शन बनवले. वनौषधीपासून बनवलेले चीनमधील हे पहिले इंजेक्शन मानले जाते. आज त्याचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट निसटते. कुनैन मिळत असते तर छांगशानचा काढा कोणी प्यायला नसता. त्याने ताप उतरतो, पण ओकाऱ्यांनी रोगी हैराण होतो.

खरे औषध येई ते तीन वाटांनी. लढाईत जपानी तुकडीचे सामान हाती लागले तर त्यातून. सोंग छिंगलिंग यांच्या संघाकडून, वाटेत जे अडकले नाही ते. आणि चोरवाटेने, व्याप्त शहरांतून. तिसऱ्या वाटेवरचा एक प्रवासी मायकेल लिंडसे. पेइपिंगच्या येन्चिंग विद्यापीठात शिकवणारे हे इंग्रज अध्यापक शहरातल्या दुकानांतून औषधे आणि रेडिओचे सुटे भाग विकत घेऊन गनिमांच्या माणसांकडे देत. परदेशी चेहऱ्याची झडती घ्यायला पहारेकरी कचरत, याचा ते फायदा घेत. ८ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरची बातमी रेडिओवर ऐकताच ते पत्नी ली श्याओली आणि दोन सहकाऱ्यांसह विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या मोटारीतून निघाले आणि डोंगरात शिरले. जपानी पोलीस थोड्याच वेळात त्यांच्या दारात आले होते.

१९४० हे वर्ष या कहाणीत वळणाचे. २० ऑगस्टपासून आठव्या मार्ग सेनेने ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ उघडली आणि लोहमार्ग उखडले. कोटणिसांनी आघाडीलगत अखंड काम केले. तेरा दिवसांत आठशेवर जखमी हाताळल्याचे आणि एका वेळी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे चरित्रकार सांगतात. मोहीम गाजली, पण तिची किंमत रयतेने मोजली. जुलै १९४१ मध्ये उत्तर चीनमधील जपानी सैन्याची सूत्रे जनरल यासुजी ओकामुरा यांच्याकडे आली आणि ‘सारे जाळा, सारे मारा, सारे लुटा’ या नावाने चिनी लोकांनी जिची ओळख ठेवली आहे ती मोहीम भरात आली. त्या शरद ऋतूत सीमाप्रदेशावर प्रचंड फौजेनिशी झाडाझडती झाली. कोटणीस विद्यार्थी, रोगी आणि खेचरे घेऊन महिना-दोन महिने डोंगर बदलत राहिले. कम्युनिस्टांच्या स्वतःच्या हिशेबानुसार त्यांच्या अमलाखालची लोकसंख्या या काळात ४ कोटी ४० लाखांवरून अडीच कोटींवर आली. सारी माणसे मेली असा याचा अर्थ नव्हे, बहुतेक गावे जपानी अमलाखाली गेली. पण चर ओलांडून औषध आणण्याची त्यांची वाट त्याबरोबर बुजली.

व्याप्त शहरांतल्या नागरिकांची स्थिती बरी होती असेही नाही. पेइपिंगमधील युनियन मेडिकल कॉलेज हे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशावर चालणारे आशियातील एक अव्वल रुग्णालय होते. अमेरिकेशी युद्ध जाहीर होताच जपानी सैनिकांनी ते ताब्यात घेतले, प्रमुखांना स्थानबद्ध केले आणि १९४२ च्या आरंभी रोग्यांना घरी पाठवून रुग्णालय बंद केले. इतर मिशन दवाखान्यांचे ब्रिटिश-अमेरिकन डॉक्टर पुढे छावण्यांत गेले. ज्या दवाखान्यांच्या नावावर औषध खरेदी करता येत होते, ते दवाखानेच उरले नाहीत. शिवाय जपानी सैन्याच्या काही तुकड्यांनी १९४० मध्ये निंगपो आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये छांगते येथे प्लेगचे पिसू विमानातून टाकले. ही शहरे दक्षिणेकडची, व्याप्तीबाहेरची. तरी औषध अडवणारे सैन्य रोग पसरवण्याच्या शास्त्रातही पारंगत होते, ही बाब वेगळी काढता येत नाही.

दूरच्या वाटाही याच सुमारास मिटल्या. जपानच्या दबावाखाली ब्रिटनने १८ जुलै ते १८ ऑक्टोबर १९४० असे तीन महिने ब्रह्मदेशमार्गे चीनला जाणारा रस्ता बंद ठेवला होता. बंदीच्या यादीत शस्त्रे, दारूगोळा, पेट्रोल, मालमोटारी आणि रेल्वेचे सामान होते; औषधे नव्हती. कागदावर ही सवलत ठीक दिसे, परंतु पेट्रोल आणि मोटार नसताना औषधाची पेटी दोन हजार मीटर उंचीचे घाट कशी चढणार, याचा विचार यादी करणाऱ्याने केला नव्हता. रस्ता पुन्हा खुला झाला, पण २५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँग पडले आणि सोंग छिंगलिंग यांच्या संघाचे मूळ ठाणे गेले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि रस्त्याचे तोंडच शत्रूच्या हाती गेले. त्याच मार्चमध्ये जावा बेट जपानने घेतले. जगातली नव्वद टक्के कुनैन जावाच्या सिंकोना मळ्यांतून येत असे. त्याचा फटका भारतालाही बसला. देशात मलेरियाचे रोगी कोट्यवधी, स्वतःची कुनैन दार्जिलिंग आणि निलगिरीच्या सरकारी मळ्यांपुरती. उपलब्ध साठ्यावर पहिला हक्क सैन्याचा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपासमारीबरोबरच हिवतापासारख्या रोगांनीही असंख्य माणसे नेली, त्याला कुनैनची टंचाई आणि तिचा काळाबाजार हेही कारणीभूत होते. ज्या देशाने चीनला औषध पाठवले, त्या देशातली खेडी चार वर्षांनी त्याच औषधावाचून बसली होती.

गेगोंगमध्ये या सगळ्याच्या मधोमध एक संसार उभा राहिला. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी कोटणिसांनी रुग्णालयाच्या शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये यांनी त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस एव्हाना चिनी भाषेत व्याख्याने देत होते आणि शल्यचिकित्सेवर विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होते. गावातल्या बायाबापड्या त्यांना प्रेमाने ‘काळी आई’ म्हणत, अशी आठवण तेथे सांगितली जाते.

त्यांना अपस्माराचे झटके येत आणि १९४२ मध्ये ते वाढले. प्रदेशाबाहेर जाऊन उपचार घ्या, असे वरिष्ठांनी सुचवले होते. ते गेले नाहीत. अपस्मारावर फेनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून जगाला माहीत होते. त्या वर्षी ताइहांगच्या कुशीत यांपैकी काहीही नियमित मिळण्याची सोय नव्हती. ८ डिसेंबरच्या रात्री एकामागून एक झटके येऊ लागले, ते थांबले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे कोटणीस वारले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पुढे कलकत्त्यात त्यांनी ॲक्युपंक्चरचा प्रसार केला. यिनहुआ डॉक्टर होण्याच्या वाटेवर असताना १९६७ मध्ये गेला. गुओ छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. कोटणिसांची समाधी आता शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे आणि सोलापुरातील त्यांच्या राहत्या घरी स्मारक आहे.

भारतात ही कहाणी पोहोचली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या पुस्तकातून आणि त्यावर आधारलेल्या व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटातून. चित्रपटात नायक प्लेगच्या साथीवर इलाज शोधतो आणि शेवटी त्याच रोगाला बळी पडतो. प्रत्यक्षात तसे घडले नाही. पण पडद्याला एक खलनायक लागतो, आणि साथ हा दिसणारा खलनायक आहे. नाक्यावर बसलेला कारकून, त्याच्या पुढ्यातली परवान्यांची वही आणि परत पाठवलेली खेचरे यांचे नाट्य दाखवणे अवघड असते. त्यामुळे दोन पिढ्यांच्या मनात कोटणीस रोगाशी झुंजलेले डॉक्टर म्हणून राहिले.

या औषधबंदीला तेव्हाच्या कायद्यात नेमके नाव नव्हते. १९०७ च्या हेग नियमांतील ४३ वे कलम व्याप्त प्रदेशातील सुव्यवस्था आणि लोकांचे जीवन शक्य तितके पूर्ववत ठेवण्याची जबाबदारी कब्जा करणाऱ्यावर टाकते, परंतु औषधाचा उल्लेख करत नाही. १९०९ च्या लंडन जाहीरनाम्यात केवळ रोगी व जखमींसाठी असलेले सामान युद्धकाळात निषिद्ध ठरवू नये असे म्हटले होते. त्या जाहीरनाम्याला पुरेशी संमतीच मिळाली नाही. १९२९ चा जिनिव्हा करार जखमी सैनिकांचा होता. खेड्यातल्या हिवतापाच्या रोग्याचा कोणताच करार नव्हता.

तो झाला १२ ऑगस्ट १९४९ रोजी. चौथ्या जिनिव्हा कराराच्या ५५ व्या कलमाने व्याप्त प्रदेशातील लोकांना अन्न व औषधे पुरवणे हे कब्जा करणाऱ्या सत्तेचे कर्तव्य ठरवले; तेथे साठा अपुरा असेल तर तो बाहेरून आणण्याचेही. ५६ व्या कलमाने रुग्णालये आणि साथींचे नियंत्रण चालू ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली, आणि ५९ व्या कलमाने बाहेरून येणारी मदत स्वीकारणे बंधनकारक केले. भारताने १९५० मध्ये हे करार मान्य केले आणि १९६० मध्ये त्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच कराराचे २३ वे कलम शत्रूच्या नागरिकांसाठी निघालेल्या औषधांना वाट देण्यास सांगते, मात्र एका अटीवर. माल भलतीकडे वळेल, त्यावर नीट देखरेख राहणार नाही, किंवा त्याने शत्रूच्या लष्करी प्रयत्नांना उघड फायदा होईल असे मानण्यास गंभीर कारण नसावे. ते कारण आहे की नाही हे पहिल्यांदा ठरवतो, तो वाट अडवून बसलेला पक्षच. ५५ वे कलमही कर्तव्य सांगताना ‘उपलब्ध साधनांच्या मर्यादेत’ असे शब्द वापरते. ताइहांगच्या चरांवरची झडती ज्या संशयावर चालत होती, त्या संशयाला करारात जागा राहिली आहे.